नागपूर पाच, संत्री चार: आमच्या व्हर्जन कंट्रोल टूलमधील वाकडी रेघ

फावल्या वेळात सी भाषेत लिहीत असलेले आमचे छोटे व्हर्जन कंट्रोल टूल (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम) बदलांचा गोषवारा छापते तेव्हा आधी फाइलचे नाव, मग उभी रेघ आणि शेवटी बदललेल्या ओळींची संख्या येते. मात्र मराठी नावांची फाइल आली की ही रेघ वाकडी होते. धरमपेठेतल्या माझ्या मित्राने त्यावर पॅच, म्हणजे कोडमधली दुरुस्ती, पाठवला होता, त्याचा रिव्ह्यू या आठवड्यात पूर्ण केला.

जुना कोड नावाची लांबी सीमधल्या ‘स्ट्रलेन’ फंक्शनने, म्हणजे बाइटमध्ये मोजत होता. अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, त्यामुळे २० रकान्यांच्या जागेत ‘नागपूर’पुढे फक्त २ मोकळ्या जागा पडत होत्या. मित्राने बाइटऐवजी युनिकोड चिन्हे मोजली, म्हणजे अक्षर, काना, अनुस्वार यांना प्रत्येकी एक धरले. दिशा बरोबर होती, पण मोजमाप अजूनही चुकीचेच होते, आणि ते पकडायला दोन नावे पुरली: ‘नागपूर’ आणि ‘संत्री’. दोन्ही १८ बाइटची आणि दोन्हींत ६ चिन्हे, तरीही कोणते चिन्ह टर्मिनलवर (मजकुराच्या पडद्यावर) किती रकाने घेते हे सांगणाऱ्या रुंदीच्या तक्त्यानुसार पहिले ५ रकाने व्यापते आणि दुसरे ४. ‘नागपूर’मधला दीर्घ ऊकार अक्षराखाली बसतो, म्हणून त्याची रुंदी शून्य, ‘संत्री’मध्ये अनुस्वार आणि हलन्त अशी दोन चिन्हे शून्य रुंदीची आहेत. काना आणि दीर्घ वेलांटी मात्र प्रत्येकी एक रकाना घेतात. म्हणजे पुढे अनुक्रमे १५ आणि १६ जागा हव्यात. पॅच दोघांनाही १४ देत होता आणि दोन ओळींतल्या रेघांत एका रकान्याचा फरक राहतच होता.

रविवारी तर्री पोह्यांच्या गाडीवर हे दाखवले, तेव्हा त्याचे उत्तर होते, “अबे, माझ्याकडे तर सगळं सरळ दिसून राहिलं.” दिसणारच, कारण त्याच्या सगळ्या फाइलांची नावे रोमन लिपीत होती! त्याला फार बोलण्यात अर्थ नाही. गिट या प्रसिद्ध व्हर्जन कंट्रोल टूलच्या ‘डिफ स्टॅट’मध्येही, म्हणजे तिथल्या गोषवाऱ्यातही, हीच चूक २०२२ पर्यंत होती, आणि तिथे तर ‘कोअर कोटपाथ’ ही सेटिंग बंद केल्याशिवाय मराठी नावांऐवजी तिरप्या रेघा आणि आकडेच दिसतात.

सुधारलेल्या पॅचमध्ये रुंदी ‘डब्ल्यूसीविड्थ’ने, म्हणजे चिन्हाचे रकाने सांगणाऱ्या फंक्शनने मोजली जाते. सुरुवातीला भाषा-लिपीची मांडणी ठरवणारे ‘सेटलोकेल’ फंक्शन कॉल करायचे राहून गेल्याने देवनागरी नावे वाचलीच गेली नाहीत आणि माझी अख्खी संध्याकाळ त्यात गेली. रंग आणि भरणीच्या मोकळ्या जागा टर्मिनलवरच छापाव्यात, पाइपमधून दुसऱ्या प्रोग्रामकडे जाणारे आउटपुट साधे राहावे, हा माझा दुसरा आग्रह त्याने लगेच मान्य केला. फंक्शन नुसते हलवणे आणि वर्तन बदलणे एकाच कमिटमध्ये, म्हणजे बदलांच्या एकाच नोंदीत होते. ते दोन कमिटमध्ये विभागून घेतले, नाहीतर डिफ (जुन्या-नव्या कोडमधला फरक) वाचताना डोळे फिरत होते.

लांब नाव मधेच तोडण्याचा भाग मी रोखून धरला आहे. रुंदी बरोबर मोजूनही ‘संत्री’ हलन्तापाशी तुटून ‘संत्’ उरते, आणि असले नाव मराठी माणसाला गोषवाऱ्यात दाखवणे मला पटत नाही. युनिकोड १५.१ च्या नियमांप्रमाणे ‘त्री’ हे जोडाक्षर एकसंध गट मानले जाते. तेवढाच नियम हाताने लिहायचा की पूर्ण लायब्ररी जोडायची, यावर आमचे एकमत झालेले नाही. भरणीचा भाग मर्ज केला आहे, म्हणजे मुख्य कोडमध्ये घेतला आहे, आणि ही दोन नावे टेस्टमध्ये कायमची घातली आहेत.