कानामागची गाठ

मी शिवून दिलेल्या काकूंच्या कापडी मास्कच्या इलॅस्टिकला दोन्ही कानांमागे गाठी मारलेल्या दिसल्या. इलॅस्टिक दुमडून आवळलेली टपोरी गाठ, आणि तिच्याखाली कानाची कातडी लाल झालेली. काकू बोलत होत्या आणि माझं सगळं लक्ष त्या गाठीकडे. मास्कबद्दल त्या चांगलंच बोलल्या. गाठीबद्दल एक शब्द नाही.

तेच मनातून जात नाहीये. सांगितलं का नाही?

इलॅस्टिक एका बाजूला ७ इंच लावायचं अशी आपली ठरलेली रीत. दोन्ही टोकं अर्धा-अर्धा इंच शिलाईत गेली की ६ उरतात. भरलेल्या चेहऱ्याला तेवढं बेताचं होतं, बारीक चेहऱ्याला सैल. सैल मास्क म्हणजे चेहऱ्यावर नुसता टांगलेला. गालाशी फट राहिली की श्वास कापडातून जातच नाही, हवा सोपी वाट धरते. कापड जितकं दाट आणि पदर जितके जास्त, तितकी ती फटीकडेच वळते. म्हणजे तीन पदर लावायचे आणि कानापाशी इंचभर ढिलाईपायी ते वाया जाऊ द्यायचे.

आणि त्या तीन पदरांमागे किती काम असतं! जागतिक आरोग्य संघटनेने ५ जून २०२० ला कापडी मास्कसाठी सांगितलं ते असं: आतला पदर ओल शोषणारा, म्हणजे सुती, बाहेरचा पाणी न धरणारा, पॉलिस्टर किंवा पॉलिस्टर मिसळलेला, आणि मध्ये न विणलेलं पॉलिप्रॉपिलीन. सुती कापड आधी बल्बसमोर धरून बघायचं. उजेडाचे ठिपके आरपार दिसले तर ते बाजूला. मग गरम पाण्यात धुवून, वाळवून, इस्त्री करून मगच बेतायचं. सुती कापड पहिल्या गरम धुण्यात शेकडा ३ ते ५ आटतं. मास्कच्या तुकड्याच्या ९ इंच लांबीला ५ टक्के धरले तरी जवळजवळ अर्धा इंच गेला. न धुता शिवलं तर आतला पदर आटतो, बाहेरचा आटत नाही, आणि पहिल्याच धुण्यात मास्क चोळामोळा होतो. ४४ इंच पन्ह्याच्या १ मीटर कापडातून, आटणं धरून, ९ बाय ७ चे २० तुकडे निघतात. मी एकही चिंधी टाकत नाही, नाड्यांना जोड म्हणून ठेवते.

मग पाव इंचाची शिलाई, उलटवून कोपरे काढायचे, वरून दाबटीप, म्हणजे कडेवरची टीप. उंचीचे ७ चे साडेसहा राहतात. अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या तीन चुण्या घातल्या की प्रत्येकीत १ इंच जातो आणि बाजूची उंची साडेतीनवर येते. मधोमध मात्र मास्क उघडला की साडेसहा, म्हणजे नाकाच्या हाडापासून हनुवटीखालपर्यंत. चुण्यांची तोंडं बाहेरून खालीच हवीत. वर राहिली तर प्रत्येक चुणी उडालेलं सगळं झेलत बसते. इस्त्री कोमट, कारण मधलं पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळतं आणि सुती कापडाची आच त्याच्या वर जाते. एकदा आकसलं की तो पदर गेला.

इतकं सगळं करून द्यायचं आणि घेणाऱ्याने मुकाट्याने गाठ मारून घ्यायची. वाईट वाटलं. परकं केल्यासारखं.

सांगितलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. पण माणूस फुकट मिळालेल्या वस्तूला नावं ठेवत नाही. विकत घेतलेला शर्ट दंडात घट्ट झाला तर तोच माणूस दुसऱ्या दिवशी परत करायला जाईल. शेजारणीने रात्री जागून शिवलेल्या मास्कबद्दल तो "छानच झालाय" एवढंच म्हणणार आणि घरी जाऊन गाठ मारणार. काकू मला दुखवायला नको म्हणून गप्प राहिल्या, आणि कान स्वतःचा दुखवून घेतला.

शिवाय गाठ मारली म्हणजे त्या तो घालतात. कपाटात पडलेल्या मास्कला गाठ पडत नाही. मामींच्या घरात दिलेले सगळे कोरे करकरीत आहेत, घडीसुद्धा मोडलेली नाही. त्याबद्दल मला आजवर कधी वाईट वाटलं नव्हतं, हे आत्ता लिहिताना जाणवतंय.

तर मग असं करावं. इलॅस्टिक शिलाईत पक्कं करायचंच नाही. दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचाचा नेफा काढायचा आणि त्यातून १२ इंच इलॅस्टिक ओवून टोकं मोकळी सोडायची. साडेतीन इंच नेफ्यात जातं, कानाभोवती सहा-सात, उरलेलं गाठीला. घालणाऱ्याने आपल्या मापाने गाठ मारायची आणि ती सरकवून नेफ्यात घालायची, म्हणजे कानाला टोचणार नाही. यात आणखी एक सोय होते. रोज गरम पाणी लागलं की इलॅस्टिक मास्कच्या आधी मरतं. मग ते काढून दुसरं ओवता येतं, नाहीतर नाडी. डोक्यामागे बांधायच्या नाड्या चार, प्रत्येकी १६ ते १८ इंच. कान दुखणाऱ्यांना नाडीच बरी.

नेफ्यामुळे बाजूची शिलाई अवघड होते, हे धरूनच चालायला हवं. चुणीच्या जागी तीन पदर तिप्पट होऊन ९ होतात, वर नेफ्याच्या पट्टीचे निदान दोन. तिथे ११ नंबरची बारीक सुई एकतर टाका सोडते नाहीतर मोडते. १४ किंवा १६ ची जाड घालायची, आणि त्या उंचवट्यावर पायडल न मारता चाक हाताने फिरवायचं. टाचण्याही चुणीवर नकोत, सुई त्यांच्यावर आपटते. कडेला चिमटे लावलेले बरे. आणि मोजून घ्यायच्या, मोजून काढायच्या. आत राहिलेली टाचणी कुणाच्या तोंडाशी जाईल, हा विचार केला की मला पुन्हा पुन्हा मोजावंसं वाटतं.

नाकाच्या तारेचंही तसंच. ४ इंचाची ॲल्युमिनियमची चपटी पट्टी, दोन्ही टोकं आत वळवलेली. न वळवता घातली तर दोन-चार धुण्यांत कोपऱ्यातून कापड भोकसून बाहेर येते. लोखंडी तार गंजते, डाग पडतो. पट्टीच्या नेफ्याचं एक तोंड उघडं ठेवायचं, धुताना पट्टी काढून घेता येते. ही पट्टी नाकावर नीट दाबली नाही की चष्म्यावर वाफ येते. वरून फट आहे हे घालणाऱ्याला चष्माच सांगतो.

म्हणून यापुढे "कसा झालाय?" असं विचारणार नाही. त्याला "छान" हेच उत्तर येतं. चष्म्यावर वाफ येते का? बोलताना नाकावरून घसरतो का? गालाशी हवा लागते का? संध्याकाळी कान दुखतो का? याला हो किंवा नाही म्हणता येतं, आणि हो म्हणणाऱ्याला आपण कुणाच्या कामाला नावं ठेवली असं वाटत नाही. काकूंनाही हेच विचारते. गाठ दिसली असं सांगायची गरज नाही.

धुण्याची चिठ्ठी मात्र प्रत्येक जोडीबरोबर जायलाच हवी: साबण आणि ६० अंशांचं गरम पाणी, दिवसातून एकदा. ते जमत नसेल तर साध्या पाण्यात साबणाने धुवून मग १ मिनिट उकळायचं. ओला झाला की बदलायचा. ५ वर्षांपर्यंतच्या मुलांना सक्ती नको. हा मास्क मुख्यतः आपल्या तोंडातून उडणारं अडवतो, एन-९५ नव्हे, हेही त्यातच लिहायचं.

आतला पदर वेगळ्या रंगाचा घ्यायचा, म्हणजे घालताना उलटसुलट होणार नाही. वहिनींना सांगायचंय, बॉबिनमध्ये, म्हणजे मशीनच्या खालच्या रिळात, कापडाच्या रंगाचा दोरा भरू नका. नेफ्याच्या टिपेला तर नकोच. रंग जुळला की सुटलेला टाका दिसत नाही.