पांढरीतला ज्वारीचा दाणा

नाशिकजवळ गोदाकाठच्या एका पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातून, जोर्वे काळातल्या (ताम्रपाषाण युगातल्या) थराच्या खड्ड्यातली वीस लिटर माती त्या दिवशी धुवायला आली होती, त्यातले जुने दाणे शोधायला. साधारण इ.स.पू. १४०० ते १०००चा काळ.

धुण्याची रीत सोपी. पिंपात पाणी भरायचं, माती थोडी थोडी सोडायची, हाताने ढवळायची. जळून कोळसा झालेला दाणा हलका, तो वर येतो. तरंगणारं पाणी अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर ओतायचं. पण आपली चिकण माती ढेकळातला दाणा सोडत नाही, म्हणून आदल्या रात्री खाण्याचा सोडा घालून भिजवलेली बरी. ढेकूळ बोटांनी चिरडलं की दाण्याचाही भुगा होतो. चाळणीवरचा माल मलमलच्या फडक्यात, सावलीत वाळवायचा. उन्हात दाणे तडकतात आणि मग ओळखायला उरतं काय?

सूक्ष्मदर्शकाखाली सातू निघाला, मधे फुगीर, टोकांना निमुळता, पाठीवर टरफलाच्या रेषा. मसूर, कुळीथही होते. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या जोर्वे वस्तीच्या उत्खननातही सातू हेच मुख्य पीक दिसतं, त्यामुळे इथवर नवल नव्हतं. मग ट्रेमध्ये एक गोलसर, जळलेला दाणा दिसला. ज्वारी! खोलीत एकदम उत्साह.

मला मात्र तो दाणा खटकला. ज्वारी मूळची आफ्रिकेतली. ती इकडे कधी आली हे एका दाण्यावर ठरवणं धाडसाचं. न जळलेलं बी ताजं म्हणून लगेच बाजूला काढता येतं, जळलेल्याचं तसं नाही. शेतकरी धसकटं जाळतात, उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात आणि कालपरवाचा जळका दाणा हातभर खाली जाऊन बसतो. खड्ड्याच्या भिंतीचं रेखाटन काढून पाहिलं, तर काळ्या मातीची एक जीभ नेमकी त्या थरापर्यंत उतरलेली. त्याच मातीत बारीक मुळं आणि मुंग्यांचे पंखही होते, वरचं काही खाली मिसळल्याच्या खुणा.

शेजारच्या कोळशाचं वय काढून भागत नाही, ते कोळशाचंच वय असतं. एएमएस पद्धतीने, म्हणजे अगदी थोड्या कार्बनवरून वय काढणाऱ्या कार्बन-१४ चाचणीने, त्या दाण्याचंच काढावं लागतं, आणि त्यात दाणा संपतो. म्हणून आधी चारही बाजूंनी फोटो, लांबी-रुंदी-जाडी, वजन. मग काचेच्या स्वच्छ कुपीत. कापूस, कागद, डिंक काही लावायचं नाही. त्यांचा कार्बन दाण्याला चिकटतो. नोंदवहीत ज्वारीपुढे प्रश्नचिन्ह घातलं आणि सातूची मोजणी पुढे सुरू केली.