नाईक एकच, स्पेलिंग दोन

आमच्या वाड्यावर कुणाला बांबोळीला, गोव्याच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात, जायचं असलं की आदल्या रात्री माझा फोन वाजतो. मी डॉक्टर नाही, नर्स नाही, साखळी गावात एका दुकानाचे हिशोब बघते, पण आईच्या आजारपणात दोन वर्षं एवढ्या खिडक्यांसमोर उभी राहिले की आता कुठल्या खिडकीवर कुठला कागद मागतील ते तोंडपाठ झालंय.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकींचं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन ठरलं, एका खाजगी हॉस्पिटलात, दीनदयाळच्या कार्डावर. ही गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ पासून आहे, तीन माणसांपर्यंतच्या घराला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या घराला चार लाखांपर्यंत उपचारांचा खर्च. पण कार्ड दाखवलं की झालं असं नसतं हो, हॉस्पिटलने आधी मंजुरी मागवायची असते, आणि कार्ड दर वर्षी रिन्यू करायचं असतं, हे निम्म्या लोकांना काउंटरवर पोचल्यावरच कळतं.

काकींचं कार्ड चालू होतं. अडलं कुठे तर आडनावात! आधारवर 'नाईक' के ने संपतो आणि कार्डावर जुन्या पोर्तुगीज थाटात क्यूयूई ने. काउंटरवरची मुलगी मान वर न करता म्हणाली, "ही दोन वेगळी माणसं आहेत." काकी माझ्याकडे बघून म्हणतात, "बाय, मी दोन कशी गं?" मग नोटरी, दोन्ही नावं माझीच असं अ‍ॅफिडेव्हिट, आणि ऑपरेशन चार दिवस पुढे. चार दिवस काकी नुसत्या पेजेवर, आणि मला त्या मुलीचा राग अजून गेलेला नाही, निदान कुठला कागद आणा तेवढं तरी सांगायचं.

हद्दीपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या दोडामार्ग-बांद्याकडच्यांची तर अजून वेगळी गंमत. लेक गोव्यात दिलेली, तिचं कार्ड आहे म्हणून आईला इकडे घेऊन येतात, पण योजनेला निदान पाच वर्षं गोव्यात राहिल्याचा पुरावा लागतो, त्यामुळे लेकीच्या कार्डावर आईचं काही होत नाही. अशांना मी म्हणते महाराष्ट्राचं रेशनकार्ड आणि आधार पिशवीत टाकाच, महाराष्ट्राच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत बसतंय का ते आधी विचारा, बिल हातात आल्यावर नको.

पिशवीवरून आठवलं. काकींची सोनोग्राफी काजूच्या दुकानाच्या पिशवीत होती, चार घड्या घालून, आणि त्याच पिशवीत २०१९ चं लाइटचं बिल. आता त्यांना मी फाइल करून दिलीय, तारखेप्रमाणे लावून, सगळ्यात वर कार्ड, आधार आणि अ‍ॅफिडेव्हिटच्या तीन झेरॉक्स.

काल टाके दाखवायला गेल्या तर फाइल घरी. म्हणाल्या, "एवढी चांगली फाइल, पावसात भिजली असती."