गोल्डन गेट पार्कमधला डिस्क गोल्फ: माझा अनुभव

डिस्क गोल्फ म्हणजे फ्रिस्बीसारखी चकती (डिस्क) फेकत फेकत, कमीत कमी फेकींत साखळ्या लावलेल्या बास्केटमध्ये टाकायचा खेळ; सुरुवातीपासून एका बास्केटपर्यंतचा टप्पा म्हणजे एक होल. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमधलं डिस्क गोल्फचं मैदान १८ होलचं आहे आणि तिथे खेळायला पैसे पडत नाहीत. फुल्टन स्ट्रीटने यायचं आणि २५व्या ते ३०व्या अ‍ॅव्हेन्यूच्या दरम्यान, मार्क्स मेडोच्या बाजूने आत शिरायचं. फुल्टनवरून ५ नंबरची बस जाते, त्यामुळे गाडी नसली तरी अडत नाही.

मैदान सायप्रस, पाइन आणि निलगिरीच्या झाडीत आहे, म्हणून इथे जोरापेक्षा नेम कामाला येतो. नवीन माणूस दुकानातून वेग १२ची, म्हणजे खूप जोरात फेकावी लागणारी डिस्क घेऊन येतो आणि पहिल्याच होलला ती डावीकडच्या झुडपात जाते. अशा डिस्कला हाताचा वेग कमी पडला की ती उडतच नाही, लगेच डावीकडे वळते. डिस्कवर चार आकडे असतात: वेग, हवेत तरंगत राहण्याची क्षमता, सुरुवातीचं उजवं वळण (आकडा जितका उणे, तितकं जास्त) आणि शेवटचं डावं वळण (उजव्या हाताच्या बॅकहँडसाठी, म्हणजे हात शरीरासमोरून डावीकडून उजवीकडे नेत फेकताना). मी सुरुवातीला तीनच डिस्क सुचवतो: जवळच्या फेकीसाठी २/३/०/१चा पटर, मधल्या अंतरासाठी ५/४/-१/१ची मिडरेंज आणि लांबसाठी ६/५/-२/१ची फेअरवे ड्रायव्हर. वजन १६५ ते १७० ग्रॅम. जोडीला एक टॉवेल हवाच. धुक्याने डिस्कची कड ओलसर होते, पकड सुटते आणि थ्रो आधीच निसटून भलतीकडे जातो. मी प्रत्येक थ्रोआधी कड पुसतो.

समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, आणि खरा खेळ तिथेच आहे. वारा समोरून असला की डिस्कचा हवेतला वेग वाढतो, त्यामुळे ती उजवीकडे झुकते आणि नाक (डिस्कची पुढची कड) जरा जरी वर असलं तरी फुगून वर चढते. अशा वेळी डिस्क बाहेरच्या कडेने खाली कलती ठेवून, नाक दाबून, कमी उंचीवरून जाईल अशी फेकायची. जोर वाढवायचा नाही, जोराने झुकाव आणखी वाढतो. वारा पाठीमागून असेल तर सगळं उलटं: उचल कमी मिळते, डिस्क लवकर बसते आणि लवकर डावीकडे वळते. तेव्हा हलकी, उजवीकडे वळणारी फेअरवे काढायची. झाडांच्या आत वारा जाणवत नाही, पण शेंड्याच्या वर गेलेल्या डिस्कला तो लागतो. टीवर (होलच्या पहिल्या फेकीच्या जागी) उभं राहून शेंडे बघा. चिमूटभर गवत उडवून फक्त आपल्या पायापाशी काय चाललंय तेवढंच कळतं.

डिस्क पडली की तिच्यापुढे छोटी मार्कर डिस्क ठेवायची आणि पाय तिच्या मागच्या ३० सेंटिमीटर लांब, २० सेंटिमीटर रुंद पट्ट्यात टेकवायचा. बास्केटपासून १० मीटरच्या आत फेकल्यावर तोल सावरलेला दिसल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही. ज्याची डिस्क सर्वात लांब, त्याने आधी फेकायचं.

पटिंगला साखळ्यांच्या मधोमध, खांबावर नजर. फार जोरात मारलं तर डिस्क साखळ्यांतून आरपार निघते, नाक वर राहिलं तर वरच्या पट्टीला आपटून परत येते. बास्केटच्या माथ्यावर अडकलेली डिस्क धरत नाहीत. या साखळ्या डिस्क गोल्फचा जनक मानल्या जाणाऱ्या एड हेड्रिकच्या कल्पनेतून आल्या. १९७५ साली दक्षिण कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्हला त्याने पहिलं कायमचं मैदान आखलं तेव्हा लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. डिस्क थांबवणारी साखळी नसती तर हा खेळ इतका पसरला नसता, असं मला मनापासून वाटतं.

हे सार्वजनिक उद्यान आहे, हे मात्र कधीच विसरायचं नाही. वाटेत चालणारे, मुलं, कुत्री असतात; ते बाजूला होऊन रस्ता पूर्ण मोकळा झाल्याशिवाय हात उचलायचा नाही, आणि डिस्क भरकटली तर लगेच ‘फोर!’ (गोल्फमधला सावध करणारा इशारा) म्हणून ओरडायचं. मागे भरभर खेळणारा गट असेल तर त्यांना पुढे जाऊ द्यावं. हरवलेली डिस्क नियमाने तीन मिनिटं शोधायची, नंतर एक थ्रो दंड. डिस्कच्या आतल्या बाजूला पक्क्या मार्करने नाव आणि फोन नंबर लिहा. दुसऱ्या कुणाची डिस्क सापडली तर आत नंबर आहे का बघा आणि तिथूनच मेसेज टाका. बहुतेकदा मालक दोन-तीन होल पुढेच असतो.