टायकून

आज भाचीने एक बातमी वाचता वाचता विचारलं, "मामा, टायकून म्हणजे टायफूनचा भाऊ का?" हसलो, पण नीट उत्तर देता येईना. "बडा उद्योगपती" म्हणून वेळ मारून नेली आणि मग दुपारभर शब्दकोश घेऊन बसलो. (करायची कामं तशीच राहिली, ते सोडा.)

शब्द निघाला जपानी! 'ताइकून' म्हणजे थोर स्वामी. मूळ चिनी. परदेशी लोकांशी व्यवहार करताना शोगुनसाठी, म्हणजे जपानच्या लष्करी शासकासाठी, ही पदवी वापरत. खरा सम्राट वेगळाच, पण सत्ता शोगुनच्या हातात. १८५०च्या दशकात अमेरिकन जहाजं जपानला धडकली आणि परतताना हा शब्दही घेऊन आली. गंमत म्हणजे अब्राहम लिंकनचे सचिव त्याच्या पाठीमागे त्याला 'द टायकून' म्हणत! पैशाशी तेव्हा काही संबंध नव्हता. तेल, पोलाद, जहाजं यांच्या मालकांना तो चिकटला पुढे, विसाव्या शतकात.

आणि इंग्रजीत बड्या धनाढ्यासाठी वापरतात तो दुसरा शब्द, 'मोगल'? तो तर आपल्या ओळखीचाच, मुघलांवरून इंग्रजीत गेलेला. सिनेमावाले, प्रसारमाध्यमवाले यांना बहुधा हाच लावतात, पोलादवाल्याला टायकून. का, ते इंग्रजांनाच ठाऊक.

मला मात्र साधं दुकान थाटून थोडा नफा कमावणाऱ्यालाही 'बिझनेस टायकून' म्हणणाऱ्यांची मौज वाटते. स्वतःच्या प्रोफाइलवर स्वतःच लिहिणाऱ्यांची तर जास्तच.

भाचीला हे सगळं सांगितलं. म्हणाली, "म्हणजे टायफूनचा भाऊ नाहीच?"