टीआयच्या ओपन क्वालिफायरला बसलो होतो, त्याची गोष्ट

डोटा 2, म्हणजे पाच विरुद्ध पाच असा ऑनलाइन गेम, तो खेळणाऱ्या माणसाला त्याची सगळ्यात मोठी स्पर्धा द इंटरनॅशनल, म्हणजे आपलं टीआय, काय प्रकरण आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. पण त्यात शिरायला ना फी लागते ना कुणाची ओळख, फक्त पाच जण जमवायचे आणि ओपन क्वालिफायरला, म्हणजे कुणालाही उतरता येईल अशा पात्रता फेरीला, नाव टाकायचं, हे बऱ्याच जणांच्या डोक्यातच येत नाही. आमच्याही आलं नव्हतं. 2018 च्या जूनमध्ये आमच्या पुण्याच्या ग्रुपवर एकाने रजिस्ट्रेशनची लिंक टाकली, त्यावर दिवसभर नुसते हसायचे इमोजी आले आणि रात्री आमचा कॅरी, म्हणजे शेवटी मॅच जिंकून देण्याचं काम ज्याच्याकडे तो, म्हणाला, अरे भरून टाकू ना, जातंय काय आपलं.

आधी थोडं मागचं सांगतो, म्हणजे आम्ही कुठल्या दारात उभे होतो ते कळेल. पहिलं टीआय 2011 ला जर्मनीत कोलोनला गेम्सकॉम या गेमिंगच्या मेळ्यात झालं, तेव्हा डोटा 2 धड बाहेरसुद्धा आला नव्हता. 16 टीम, सगळ्या बोलावलेल्या, बक्षीस 16 लाख डॉलर आणि त्यातले 10 लाख एकट्या विजेत्याला, नावी या टीमने ईहोम या टीमला 3-1 ने हरवून ते नेले. 2013 पासून कम्पेंडियम आलं, पुढे बॅटल पास, म्हणजे टीआयच्या निमित्ताने गेममध्ये विकत घ्यायची चीज, आणि आपण जे पैसे घालायचो त्यातला चौथा हिस्सा बक्षिसात जायचा, त्यामुळे 2014 ला आकडा एकदम 1 कोटी डॉलरच्या वर गेला आणि आम्ही ज्या वर्षी नाव घातलं तेव्हा तो अडीच कोटींच्या पुढे होता. म्हणजे आमचेही चार पैसे त्यात होतेच की!

2018 चा रस्ता असा होता की सीझनभराच्या पॉइंटवर वरच्या 8 टीमना थेट बोलावणं, बाकीच्या 10 जागा सगळ्या रीजनच्या क्वालिफायरमधून. आणि त्या रीजनल क्वालिफायरलासुद्धा बोलावणं लागतं, ते नसेल तर त्याच्याही खाली ओपन क्वालिफायर. आपल्याला भारत म्हणून वेगळी खिडकी नाही, साउथ ईस्ट एशियाच्या रांगेत उभं राहायचं, म्हणजे समोर फिलिपिन्स, मलेशिया, इंडोनेशिया, सगळी मुरलेली पोरं.

रजिस्ट्रेशन तसं सोपं, पाचही जणांचे स्टीम आयडी (ज्या खात्यावरून गेम खेळतो ते), एक कॅप्टन, एखादा राखीव. खरी मारामारी पोझिशन पाच, म्हणजे बाकीच्यांना मदत करणारा सपोर्ट, कोण खेळणार यावर झाली, कारण वॉर्ड (नकाशावर नजर ठेवायची वस्तू) गेममधल्या पैशांनी विकत घेऊन कॅरीचे टोमणे खायला कुणालाच नको असतं, शेवटी जो त्या दिवशी कॉलवर नव्हता त्याच्या गळ्यात टाकली. वेळ सिंगापूरची, म्हणजे आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, त्यामुळे आपण चहा घेत असताना तिकडे चेक-इन, म्हणजे हजेरी, बंद व्हायला आलेलं असतं. चेक-इन केलं नाही की बाद, कुणी फोन करून उठवत नाही. पहिल्या राउंडला समोरची टीम नेमकी अशीच उगवली नाही आणि आम्ही न खेळता जिंकलो. घरी आईला सांगितलं, जिंकलो म्हणून! तिने विचारलं, कुणाशी? आता काय सांगणार.

सुरुवातीच्या मॅच सगळ्या बेस्ट ऑफ वन, एक हरलात की घरी. दुसरी मॅच कशीबशी काढली, साठाव्या मिनिटाला त्यांचा कॅरी बायबॅक (गोल्ड देऊन लगेच परत जिवंत होणं) नसताना मेला म्हणून. तिसऱ्या राउंडला मात्र ड्राफ्टमध्येच, म्हणजे मॅचआधी आळीपाळीने हीरो निवडताना आणि समोरच्यांचे बॅन करताना, कळलं की हे वेगळे लोक आहेत. आम्ही एकेका पिकला भांडत रिझर्व्ह टाइम (निवडीसाठीचा जादा वेळ) जाळतोय आणि ते प्रत्येक बॅन दोन-तीन सेकंदांत टाकतायत, जणू आधीच सगळं लिहून ठेवलंय. आमच्या मिडवाल्याचा, म्हणजे नकाशाच्या मधल्या वाटेवर खेळणाऱ्याचा, पेटंट हीरो पहिल्याच फेरीत बॅन. म्हणजे त्यांनी आमची प्रोफाइल बघितली होती, आमची! आम्हाला जरा बरंच वाटलं खरं तर.

विसाव्या मिनिटाच्या आसपास, बाहेर पाऊस, आणि ऑफलेनवाल्याकडची, म्हणजे कडेच्या अवघड वाटेवर खेळणाऱ्या आमच्या गड्याकडची, लाईट गेली. पीसी इन्व्हर्टरवर चालू राहिला पण राउटर नव्हता इन्व्हर्टरवर. पॉज घेतला, समोरच्यांनी निवांत घ्या असं टाइप केलं, चांगली पोरं होती, पण नियमातली पॉजची वेळ संपल्यावर त्यांनी गेम चालू केला आणि तेही बरोबरच होतं. ऑफलेनवाला मोबाईलच्या हॉटस्पॉटवर परत आला तोवर आमच्या तळावरच्या दोन इमारती, बॅरॅक्स, गेलेल्या. तो नसता गेला तरी हरलोच असतो, दहा हजार गोल्डने मागे होतो. जीजी (गुड गेम) टाइप केलं आणि झालं आमचं टीआय.

आता गंमत बघा. त्याच आठवड्यात युरोपच्या ओपन क्वालिफायरमध्ये ओजी ही नावाजलेली टीम खेळत होती. त्यांचे दोन खेळाडू, फ्लाय आणि एस4, ऐनवेळी ईजी या दुसऱ्या टीमला गेले, टीम बदलली म्हणून नियमाप्रमाणे एकदम तळापासून यायचं. कोच असलेला सेब स्वतः खेळायला बसला, ऍना परत आला, आणि मिडला टॉपसन, ज्याचं नाव फार कुणी ऐकलं नव्हतं. तिथून ते व्हँकुव्हरला, मुख्य टीआयला, पोचले. तिथे 18 टीमचे नऊ-नऊचे दोन ग्रुप, प्रत्येकाशी दोन गेम, वरचे चार अपर ब्रॅकेटला, जिथे एक मॅच हरली तरी चालतं, नंतरचे चार लोअरला, जिथे हरलं की संपलं, आणि शेवटचा थेट घरच्या विमानात. लोअरचा पहिला राउंड तर बेस्ट ऑफ वन, म्हणजे अख्खा आठवडा खेळून एका तासात खेळ खलास, मला हा नियम कधीच पटला नाही. ओजीने वाटेत ईजीलाही 2-1 ने काढलं, त्या मॅचला मी जेवढा ओरडलो तेवढा फायनललाही नाही.

फायनल आपल्याकडे 26 ऑगस्टला उजाडली, रविवार, राखीपौर्णिमा. समोरची टीम पीएसजी.एलजीडी 2-1 ने पुढे, चौथ्या गेममध्ये ओजी जवळपास संपलेले, आणि सेबने ऍक्स हा हीरो घेऊन एकेक फाइट अशी फिरवली की बास. ओजी 3-2 ने जिंकले. बहीण ओवाळायला येऊन बसली होती आणि मी अंघोळ न करता स्क्रीनला चिकटलेलो, काय काय ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही. पुढच्या वर्षी शांघायला परत ओजीच, टीआय दोनदा जिंकणारी पहिली टीम.

बक्षिसाचा फुगा नंतर बसला. 2021 ला बुखारेस्टला 4 कोटी डॉलर होते, 2023 ला बॅटल पास गेला आणि सिएटलला रक्कम तीस लाखांच्या आसपास आली. लोक म्हणाले टीआय संपलं. मला नाही वाटत, कारण ते पैसे आमच्यापर्यंत येणार होतेच कधी. आपल्या पोरांनी 2022 ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थ ईस्पोर्ट्समध्ये डोटात ब्राँझ आणलंच ना, लाखो डॉलरशिवाय.

आमचा स्टॅक, म्हणजे पाच जणांचा ग्रुप, अजून आहे. राउटर आता यूपीएसवर आहे, मिडवाल्याने दुसरा हीरोही शिकून घेतलाय. फक्त पोझिशन पाचवाल्याचं लग्न झालं आणि तो हल्ली रात्री नऊनंतर ऑनलाइन दिसत नाही. कुणाला टोमणे सहन करून सपोर्ट खेळायचा असेल तर मेसेज टाका, वॉर्डचे पैसे सगळे मिळून देऊ.