क्रिएटिनिन ०.८, तरी गुंगी

कमरेखाली लुळा पडलेला रुग्ण, मज्जारज्जूला इजा होऊन दोन वर्षं झालेली. फिजिओथेरपिस्ट सांगत आल्या, "सर, व्हीलचेअरवर बसवलं की मान टाकतोय." पाय सुजलेले, जीभ जड. ताप नाही, साखर नि ऑक्सिजन ठीक. केसपेपरवर चेतातंतूंच्या दुखण्यासाठी प्रीगॅबालिन ३०० मिलिग्रॅम दोनदा, स्नायूंच्या ताठरपणासाठी बॅक्लोफेन २० मिलिग्रॅम तीनदा.

प्रीगॅबालिन कॅल्शियम चॅनेलच्या अल्फा-२-डेल्टा भागाला चिकटतं. चेतातंतूच्या टोकाशी कॅल्शियम कमी शिरतं, संदेश पुढे नेणारं ग्लुटामेट हे रसायन कमी सुटतं आणि पायांतली आग शमते. पण यकृत त्याला हातही लावत नाही; जवळजवळ सगळं औषध जसंच्या तसं लघवीवाटे जातं. बॅक्लोफेनचंही बरंचसं तिथूनच.

"पण क्रिएटिनिन ०.८ आहे," रेसिडेंट म्हणाला. किडनी नीट गाळतेय का ते या रक्ततपासणीवरून पाहतात, आणि ०.८ म्हणजे नॉर्मल. घोळ तिथेच होता. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं आणि याच्या मांड्यांवर स्नायू उरलाच होता कुठे? किडनीच्या गाळणीचा वेग काढायच्या सूत्रात घातलं की उत्तर शंभराच्या वर, तेही दिमाखात. सिस्टॅटिन-सी या रक्तातल्या प्रथिनाची तपासणी पाठवली, कारण ते स्नायूंवर फारसं अवलंबून नसतं. त्यावरून गाळणीचा वेग निघाला ४२. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या फुगलेल्या. कॅथेटर घातला तर ९०० मिली लघवी निघाली. मूत्राशयात एका वेळी ५०० मिलीच्या आत राहायला हवी. घरी तो दिवसातून दोनदाच कॅथेटर घालत होता. लघवी तुंबून किडन्या मंदावल्या, औषधं अंगात साठली, म्हणून गुंगी.

कॅथेटर तसाच ठेवला. दोन्ही औषधं निम्म्यावर आणली. गाळणीच्या या वेगाला प्रीगॅबालिनची कमाल मर्यादा दिवसाला ३०० मिलिग्रॅम. एकदम बंद मात्र करायची नाहीत: बॅक्लोफेन अचानक तोडलं तर ताप, स्नायूंचा कडक ताठरपणा, झटके.

भावाने विचारलं, ४-अमिनोपायरिडिन देता येईल का? प्रश्न रास्त होता. चेतातंतूवरचं मायलिनचं आवरण गेलं की पोटॅशियम चॅनेल उघडे पडतात, संदेश वाटेतच गळतो. हे औषध ती गळती बुजवतं. अमेरिकेत २०१० साली मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये चालण्यासाठी त्याला मान्यता मिळाली, मज्जारज्जूच्या इजेत मोठ्या चाचण्यांत ते टिकलं नाही. शिवाय तेही किडनीवाटेच जातं, साठलं की झटके. वेग ५० किंवा खाली असेल तर वर्ज्य. नाही म्हणालो.

गुंगी उतरली, सूज रेंगाळली आणि आग थोडी परतली. अशा दुखण्यावर देतात त्या अमिट्रिप्टिलिनने लघवी आणखी तुंबली असती, म्हणून लॅमोट्रिजिन निवडलं. ते सोडियम चॅनेलवर काम करतं आणि यकृतातून निकामी होतं. सुरुवात रोज २५ मिलिग्रॅम, वाढ आठवड्यांच्या हिशेबाने. घाई केली तर अंगावर पुरळ उठतं, आणि ते दिसलं की गोळी थांबवून लगेच दाखवायला यायचं.